येसूचे पहिले बाळंतपण आणि नदीचे कलम

विघ्न देणारा आणि विघ्न हरणारा एकच, त्या गणरायास नमन; आणि जिने मनुष्यास शब्द दिले परंतु अर्थाची किल्ली आपल्याच कनवटीस ठेविली, त्या शारदेस दोन वेळा नमन. राज्य स्थापन जाहल्यापासोन बाहत्तरावे वर्ष. संवत्सराचे नाव जोशीमंडळींत एकमत न जाहल्याकारणे मोकळे सोडिले आहे. मार्गशीर्षापासोन फाल्गुनापर्यंतचे वर्तमान. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. साहेबी फर्माविले की, नदीच्या कलमाचा मजकूर पहिल्यापासोन लिहून द्यावा. त्याप्रमाणे आम्ही न्यायसभेचे लेखक, जैसे पाहिले, जैसे ऐकिले आणि जितके उमजले तितके लिहीत आहो. पाहिले पुष्कळ, ऐकिले त्याहून पुष्कळ, उमजले थोडके. जो जो मागाहून बोलला त्याचे त्याचे आम्हांस पटत गेले, हा आमचा दोष आरंभीच पदरी घेतो.

राज्याचे मधून एक मोठी नदी वाहते. उगवतीकडे अर्धे राज्य, मावळतीकडे अर्धे राज्य. पूर्वी नावेचा मुक्काम होता तेथे घाटावर एक चौधरी बसे आणि येईल त्यास पुसे की, कोणाचा कोण, कोणत्या आळीचा, पैलतीरी काय काम; आणि उत्तर मनास न आले तर मनुष्यास दिवस दिवस वाळूवर बसवून ठेवी. असे कैक मनुष्य बसून उठून गेले, कोणाचे लग्न राहिले, कोणास बापाचे तोंड अखेरचे पाहावयास मिळाले नाही. मग जेव्हा राज्य लोकांचे जाहले आणि थोर मंडळी घटनापोथी लिहावयास बैसली, तेव्हा त्यांनी या चौधरीपणाचा कंटाळा करोन एक कलम घातले, ते ऐसे: नदी ओलांडू इच्छिणाऱ्या मनुष्यास कोणी अडवू नये, काय काम म्हणोन पुसू नये. हेच नदीचे कलम. पुढे साठ वर्षे कोणी अडविले नाही, कोणी पुसले नाही, आणि म्हणोन त्या कलमाचा अर्थ काय हे कोणास ठाऊक असावयाची गरजही पडली नाही. मग राज्याने पूल बांधिला. पूल फार देखणा जाहला. नावा खांबांस धडकतील म्हणोन नावा बंद केल्या; पुलावर भार फार होईल म्हणोन परवाना लाविला; आणि परवान्यास नियम असा की, पैलतीरी खरोखर काम आहे याचा दाखला पैलतीरीच्या कचेरीतून स्वतः जाऊन आणावा, मग पैलतीरी जाण्याचा परवाना मिळेल. हा नियम आम्ही तीन वेळा वाचिला. लिहिला आहे तो असाच आहे.

उगवतीकाठी ठकूबाई म्हणोन एक विधवा बाई, गोधड्या शिवून राहणारी. तिची एकुलती लेक येसू मावळतीकाठी दिलेली. येसूस दिवस गेले आणि सातवा लागला, आणि पहिले बाळंतपण माहेरी ही तर उभ्या राज्याची रीत, ती पोथीत लिहिलेली नाही कारण ती लिहावी लागेल ऐसे कोणास वाटले नाही. तेव्हा येसूस आणावयास ठकूबाई पुलावर गेली, तो सटवाजी नाकेदार याने परवाना मागितला. परवान्याचे खिडकीस गेली, तो दाखला मागितला. दाखल्यास जावे तर परवाना नाही. तिकडे येसूचीही तीच गत. मौज ही की, ठकूबाईने डिंकाचे लाडू केले ते मालाचे हातगाडीवरोन त्याच दिवशी पार गेले, त्यांस कोणी हटकले नाही, कारण परवान्याचा नियम मनुष्यास आहे, लाडवास नाही. मायलेकी फोनावर एकमेकींचे मुख पाहात आणि रडत. आणि ठकूबाई म्हणे, दिसतीया समदी, पर हात न्हाई लावता येत. मग कोणी शहाण्याने सांगितले की, बाई, तुमचे नावचे कलमच पोथीत आहे. तेव्हा ती न्यायसभेत आली.

न्यायसभेत तिघे न्यायाधीश. उजवे हातास विसाजीपंत, ज्यांचा तट मूळवाल्यांचा; डावे हातास अनंतशास्त्री, ज्यांचा तट वाढवाल्यांचा; आणि मध्ये सरन्यायाधीश हरबाजीराव, ज्यांनी जन्मात कोणाचे मन मोडिले नाही. ठकूबाई हात जोडून उभी राहिली आणि बोलली, "सायेब, लेकीला सातवा लागला. पयलं बाळंतपन म्हायेरी व्हतंय. तिला हिकडं येऊ द्या, न्हाईतर मला तिकडं जाऊ द्या. दुसरं काय मागनं न्हाई माजं." हे ऐकोन तिघांचे मुखावर मोठा संतोष दिसला, कारण ऐसा गहन प्रश्न पंचवीस वर्षांत आला नव्हता. हरबाजीराव म्हणाले, "बाई, आपण फार मोलाचा प्रश्न आणिला. बसा." मग बाई बसली, आणि तेथून पुढे दोन महिने तिजकडे कोणी पाहिले नाही.

विसाजीपंत म्हणाले की, कलम लिहिणारांचे मनात जे होते तेच कलम. त्यांनी जन्मात पूल पाहिला नव्हता. सबब कलम नावेपुरते. ज्यास न पुसता जावयाचे त्याने नावेतून जावे. कोणी म्हटले, नावा तर बंद. पंत म्हणाले, तो प्रश्न निराळा, त्याचा अर्ज निराळा करावा. आणि लिहिणारांचे मन जाणावयाचे तर त्यांच्यासारिखे व्हावे, म्हणोन दप्तर पाहता कलम मंजूर जाहले त्या दिवशी थोर मंडळींनी पिठले आणि ज्वारीची भाकरी खाल्ली ऐसे निघाले; तेव्हा पंतांनी पिठले-भाकरीचा नेम धरिला. त्या दिवशी वीज गेली होती ऐसेही निघाले, म्हणोन सभेतले पंखे बंद करविले. पुढे एक जुनी नाव सहा हमालांकडोन सभेत आणविली आणि पंत तीत बैसोन मत देऊ लागले. नावेस टेकण नव्हते, त्यामुळे मते रागीट येत.

अनंतशास्त्री म्हणाले की, पोथी जिवंत आहे, दिवसेंदिवस वाढते, काल नाव होती ती आज पूल जाहली, पुढे आणिक काही होईल, पोथीस सर्व ठाऊक आहे. विसाजीपंतांनी नावेतून पुसले, जिवंत आहे कशावरोन? तेव्हा शास्त्रीबोवांनी राजवैद्य बोलाविले. वैद्यांनी पोथीची नाडी पाहिली, बराच वेळ डोळे मिटले, आणि विश्रांती द्यावी, उन्हात बसवावे, ऐसे सांगितले. मग गुरुवारी गुरुवारी पोथी पाटावर ठेवोन चौकात उन्हास बसवू लागले आणि शिंप्याकडोन मापे घेऊ लागले. पौषात एके सकाळी दवाने पुठ्ठा फुगोन पोथी दोन बोटे जाड भरली, तेव्हा वाढवाल्यांनी पेढे वाटिले. आम्हीही घेतला. पेढा घेतला म्हणजे तट घेतला असे होते की काय, हे पुसावयाचे राहिले.

मग हा वाद सभेतून बाहेर पडला. दूरदर्शनाचे पडद्यावर आठ आठ पंडित आठ चौकोनांत बसोन एकदम बोलू लागले. शाळांतून मुले नावेकडची आणि पुलाकडची ऐशी बसू लागली. सोयरिकीत मुलगा मूळवाला की वाढवाला हे पत्रिकेआधी पाहू लागले. आमचे घरी आम्ही सकाळी मूळवाले आणि सायंकाळी वाढवाले असू, कारण सकाळी सासरे बोलत आणि सायंकाळी मेहुणे. कुटुंब म्हणाले, "अहो, त्या बाईच्या लेकीचं काय झालं?" आम्ही म्हणालो, कोणाच्या? मग आमचे आम्हांसच लाजिरवाणे जाहले.

इतक्यात आठवा सरता सरता मोठा शोध लागला. जुन्या सभेचे इतिवृत्त उंदरांपासोन वाचलेले एका पेटीत मिळाले. त्यात नदीचे कलम मांडिले त्या दिवशी एका सभासदाने पुसले होते की, उद्या कोणी पूल बांधिला तर? आणि त्यापुढे लेखकाने लिहिले होते: सभासद हसले. इतकेच. पुढे दुसरे कलम. आता या हसण्याचा अर्थ काय? विसाजीपंत म्हणाले, ऐशी अशक्य गोष्ट म्हणोन हसले, सबब पूल कलमात नाही. अनंतशास्त्री म्हणाले, इतकी उघड गोष्ट काय पुसता म्हणोन हसले, सबब पूल कलमात आहे. या हसण्यावर अकरा दिवस सुनावणी चालली. किती जण हसले, मोठ्याने की गालात, पुसणारा स्वतः हसला की खट्टू जाहला, यावर वकील बोलले. शेवटी एक नाटकमंडळी बोलाविली आणि तिने ते हसणे सात प्रकारे हसोन दाखविले. पाचव्या प्रकारास हरबाजीरावांसही हसू आवरेना आणि सभा पोट धरोन हसली, आणि आम्ही इतिवृत्तात लिहिले, सभासद हसले. लिहिता लिहिता लेखणी थांबली. पुढील लोक या हसण्याचा काय अर्थ करतील या विचाराने आम्हांस घाम फुटला.

तेव्हा मागील बाकावरून ठकूबाई उठली. दोन महिने तेथेच बसून तिने एक दुपटे शिवून पुरे केले होते. ती म्हणाली, "हसून झालं आसंल तर सांगते. नववा लागला. रातच्याला पोरीचे पाय सुजत्यात. तिची सासू मागंच वारली, घरात बाईमानूस कोन न्हाई. तुमी नावंत बसा, न्हाईतर पोथीला ऊन द्या, पर माज्या पोरीचं काय ते सांगा." खरेच, सांगावयाचे तेच राहिले होते. आम्हांस त्या बाईचे फार वाईट वाटले, आणि आपण इतके दिवस काय लिहीत होतो हे पाने उलटोन पाहिले तरी कळेना.

मग माघ वद्यात निकाल जाहला. विसाजीपंतांनी चारशे पाने लिहून पूल म्हणजे नदी नव्हे ऐसे ठरविले. अनंतशास्त्र्यांनी पाचशे पाने लिहून पूल म्हणजे नदीच ऐसे ठरविले. राहिले हरबाजीराव. त्यांनी अर्धे पान लिहिले की, दोन्ही विद्वान सहकाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. तेव्हा तिघांचे मत एकत्र करोन हुकूम निघाला तो ऐसा: अर्धा पूल नदी, अर्धा पूल नदी नव्हे. पुलाचे मध्यावर पांढरा पट्टा ओढावा. आपापले काठाकडोन पट्ट्यापर्यंत कोणीही यावे, कोणी अडवू नये, पुसू नये. पट्टा ओलांडावयाचा तर परवाना. दोन्ही तटांनी आमचा जय जाहला म्हणोन गुलाल उधळिला. ठकूबाईने आम्हांस पुसले, "म्हंजी माजी लेक येनार का न्हाई?" आम्ही म्हणालो, अर्धी येईल.

दुसरे दिवशी सकाळी इकडोन ठकूबाई पट्ट्यापर्यंत गेली आणि तिकडोन येसू जड पायांनी, थांबत थांबत, पट्ट्यापर्यंत आली. मध्ये चार बोटे चुना. दोघी उभ्या राहिल्या, मग येसूच्याने उभे राहवेना म्हणोन ती खाली बसली, तेव्हा ठकूबाईही बसली. आणि येसूने आईचे मांडीवर डोके ठेविले आणि आडवी जाहली. सटवाजी नाकेदार धावला आणि दोन पावलांवर थबकला. डोके उगवतीकाठी, पाय मावळतीकाठी. बाई ओलांडून आली की नाही आली? त्याने हुकूम उलटासुलटा वाचिला, त्यात डोक्यापायांचा काही खुलासा नाही. गरीब मनुष्य, नोकरीस भिऊन, त्याने न्यायसभेस लिहून पुसले. सभेत प्रश्न पोहोचताच विसाजीपंत नावेत चढले आणि अनंतशास्त्र्यांनी पोथी उन्हातून आणविली. मनुष्य डोके असते तेथे असतो की पाय असतात तेथे, यावर युक्तिवाद लागला. आणि ऐशा समयी जी रीत आहे तीप्रमाणे तूर्त हुकूम सुटला की, अखेरचा निकाल होईतोवर जैसे थे ठेवावे, त्या जागचे मनुष्य कोणी हलवू नये. आणि जैसे थे म्हणजे कैसे आहे ते रोज पाहून लिहावे, म्हणोन आम्हांस पुलावर धाडिले.

आम्ही हुकूम वाचून दाखविला. सटवाजी म्हणाला, "येसूबाई, आता तुमाला उठता येनार न्हाई बरं का. कोर्टाचा हुकूम हाय." येसू आईचे मांडीवरून म्हणाली, "आन् मला तरी कुटं उटायचंय, दादा?" आणि तीन महिन्यांत पहिल्याने हसली. ते हसणे कोणत्या प्रकारचे हे कोणी पुसले नाही. मग बायामाणसे आपापले काठाकडोन येऊ लागली, कारण पट्ट्यापर्यंत पुसणे नाही. उगवतीकडोन गोधड्या आल्या, त्या कठड्यांस बांधोन आडोसा जाहला. मावळतीकडोन तूप आले, गरम पाणी आले. येसू निजे तेव्हा डोके इकडे, बसे तेव्हा पाठ आईस टेकून. विधीस नेताना पाय त्याच काठास राहतील ऐसे बाया जपून नेत, आणि परत आणून जैसे होते तैसे ठेवीत, इतका हुकुमाचा मान राखिला. आम्ही रोज लिहीत असू: डोके उगवतीस, पाय मावळतीस, माय केस विंचरीत आहे.

आठवे दिवशी दुपारी कळा सुरू जाहल्या. उगवतीकडोन भागूबाई सुईण पदर खोचून आली, पट्ट्याशी आली आणि थांबली. मूल जेथे यावयाचे ते अंग पट्ट्यापलीकडे, आणि भागूबाई ऐलीकडे, आणि परवाना नाही. मावळतीची सुईण चार कोस दूर. येसू ओरडली. ठकूबाईने नाकेदाराकडे नुसते पाहिले. सटवाजीने आम्हांकडे पाहिले. आम्ही पोथी वाचलेले, निकाल लिहिलेले, नऊशे साडेनऊशे पाने स्वहस्ते उतरून काढिलेले. सत्य लिहितो, आम्ही कागदच चाळीत राहिलो. तेव्हा सटवाजी, ज्यास नोकरीस लागताना कलम पाठ करविले होते तितकेच ठाऊक, तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, कोणी अडवू नये, काय काम म्हणोन पुसू नये, आणि हातातली काठी त्याने कठड्यास टेकविली आणि म्हणाला, "जा बाई. मी इचारत न्हाई." आणि पाठ करोन उभा राहिला. भागूबाईने पट्टा ओलांडिला. तिच्या पायाचा चुना पुढे फुटभर उमटला.

सूर्य कलता कलता मुलगी जाहली. भागूबाईने उचलोन आजीचे हाती दिली. ठकूबाईने तिचे मुख पाहिले, मग हातांची बोटे मोजिली, मग पायांची मोजिली, मग पुन्हा हातांची, आणि येसूस म्हणाली, "समदी हायेत गं." आणि मग मात्र ती बाई, जी न्यायसभेत एकदाही रडली नाही, पुलाचे मध्यावर बसोन मोठ्याने रडली. दोन्ही काठांस ऐकू गेले असेल. आम्हीही डोळे पुसले. लिहिणाराने डोळे पुसावे की नाही याबद्दल नियम पाहिला नाही.

त्याच वेळेस सटवाजी जन्माची वही घेऊन आला, कारण हुकुमाने पुलावरचे लेखन आम्हांकडे होते. मुलीचे नाव, मोकळे. आईचे नाव, येसू. मग आले जन्मस्थळ. उगवतीकाठ लिहावे तर मुलगी पट्ट्यापलीकडे जन्मली. मावळतीकाठ लिहावे तर जन्मताच आईचे डोके ऐलीकडे आणि बाळ आजीचे हाती. पूल लिहावे तर पूल अर्धा नदी, अर्धा नदी नव्हे. विसाजीपंत काय म्हणतील, अनंतशास्त्री काय म्हणतील, हरबाजीराव दोघांस काय म्हणतील, हे सर्व एका क्षणात डोक्यात गर्दी करोन आले आणि लेखणी हलेना. समोर पाहिले. येसूस झोप लागली होती, डोके आईचे मांडीवर, आणि आई एका हाताने बाळ धरोन दुसऱ्या हाताने तिचे कपाळ पुशीत होती. मग इतक्या दिवसांत प्रथमच आम्हांस, कोणी न सांगता, एक गोष्ट उमजली. आणि आम्ही जन्मस्थळापुढे लिहिले: आजोळ.

एकंदर तात्पर्य येणेप्रमाणे. नदीच्या कलमाचा अर्थ हे लिहीतोवर ठरला नाही. डोक्यापायांचा खटला चालू आहे, सबब पुलावर जैसे थेही चालू आहे. आमच्या नोंदीवर दोन्ही तटांनी हरकत घेतली आहे की, आजोळ म्हणोन कोणताही काठ पोथीत सांगितलेला नाही, आणि लेखकास अर्थ लावण्याचा अधिकार नाही. त्याबद्दल आम्हांस उद्या सभेत उभे राहावयाचे आहे. काय बोलावे ते ठरले नाही. मुलगी सव्वा महिन्याची जाहली, बाळसे धरिले आहे, आणि आजीचा आवाज ओळखते. बहुत काय लिहिणे.